दक्षिणेची रेघ

काशी ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. शाळेत भूगोलाच्या तासाला या आकड्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. पुढे माझं घरच त्याच्यावर चाललं. डिसेंबर २००५ मध्ये इन्सॅट-४ए हा उपग्रह सोडला, तो विषुववृत्ताच्या वर नेमका ८३ अंशांवर ठेवला, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये टाटा स्कायची सेवा त्याच्यावरून सुरू झाली. नंतर तिथे जीसॅट-१० आला, २०२२ मध्ये जीसॅट-२४ आला, कंपनीनंही नाव बदलून टाटा प्ले केलं. आकाशातली जागा मात्र तीच. पुण्याच्या गच्चीवरून ही जागा दक्षिणेपासून सत्तावीसेक अंश पूर्वेला पडते. कोलकात्याहून ती चौदा अंश पश्चिमेला सरकते. काशीतून ती ठीक दक्षिणेला आहे, क्षितिजापासून साठ अंश वर. डिश बसवणाऱ्याला याहून सोपं गाव मिळायचं नाही, असं कुणालाही वाटेल. पण दक्षिण म्हणजे नक्की कुठे, हे एखाद्या गच्चीवर उभं राहून बोटानं दाखवून बघा. बहुतेक माणसं वीस-वीस अंशांनी चुकतात, आणि डिशला दोन अंशही चालत नाहीत.

आमचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. पणजोबा वेद शिकायला साताऱ्याकडून आले आणि इथलेच झाले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, बीबीहटिया, अगस्त्यकुंड या भागांत अशी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणी याज्ञिकी करणारे, कुणी पाठशाळेत शिकवणारे, कुणी वर्तमानपत्रात गेलेले. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे मोठे संपादक बाबूराव विष्णू पराडकर इथल्याच मराठी घरातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बनारसी. मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला. सुरुवातीला दूरदर्शनचे अँटेना फिरवून दिले, मग काही वर्षं केबलच्या तारा ओढल्या, आणि डिश आल्या तसा गच्च्यांवर चढलो तो अजून उतरलेलो नाही.

मराठी घरांनी डिश का घेतली, हे सांगायला हवं, कारण त्यातूनच मला काम मिळालं. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. पुण्याहून लग्नकार्याला आलेले पाहुणे मालिकांतल्या माणसांबद्दल घरच्यांसारखं बोलायचे, आणि आमच्या आया-मावश्या नुसत्या ऐकत बसायच्या. मोहल्ल्यातला केबलवाला हिंदी आणि भोजपुरी दाखवायचा. गल्लीतल्या मूठभर घरांसाठी मराठी चॅनेल घेणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याचंही खरंच होतं. डिश आली आणि पहिल्यांदा असं झालं की दुर्गाघाटावर बसलेल्या माणसाला ठाण्यातल्या माणसाइतकंच मराठी मिळू लागलं. उपग्रहाला गल्ली दिसत नाही. त्याच्या झोताखाली सगळा देश सारखाच भिजतो. दूरदर्शनच्या मोफत सेवेवर सह्याद्री वाहिनी दिसायला लागली तेव्हा तर ज्यांना महिन्याचे पैसे भरणं जड होतं, तीही घरं आली.

ब्रह्माघाटावरच्या एका जुन्या वाड्यात एक आजी आहेत. त्या काशीतच जन्मल्या, काशीतच दिल्या गेल्या. महाराष्ट्रात त्यांचा मुक्काम असा कधी झालाच नाही. त्यांची मराठी त्यांच्या आजीची मराठी आहे. डिश लागल्यावर त्या बातम्या बघायला लागल्या आणि एकदा मला म्हणाल्या, “अरे, ही मुलं बोलतात ते मला सगळं समजतं. मला वाटलं होतं, आपली बोली आता तिकडे कुणाला कळायची नाही.” हे त्या अगदी साधेपणानं बोलल्या. मी त्यांच्या गच्चीवर काम करतो तेव्हा हात आवरता घेत नाही, त्याचं कारण हे.

आता दक्षिण कशी शोधायची ते. होकायंत्र प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. काशीत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, म्हणजे होकायंत्र चालायला हवं. पण आमच्या गच्च्या लोखंडानं भरलेल्या आहेत. स्लॅबमध्ये सळया, कठड्यावर माकडांसाठी ठोकलेल्या जाळ्या, चौकावर टाकलेली लोखंडी जाळी, टाकीचा स्टँड. एकाच गच्चीवर चार पावलं चाललं की सुई चार दिशा दाखवते. म्हणून मी ऊन बघतो. सूर्य दिवसाच्या बरोबर मध्याला दक्षिणोत्तर रेषेवर येतो. त्या क्षणी उभ्या वस्तूची सावली जिथे पडेल ती रेघ म्हणजे खरी दक्षिणोत्तर. गवंड्याचा ओळंबा जाळीला टांगायचा, दोरी स्थिर होऊ द्यायची, आणि मध्यान्ही तिची सावली फरशीवर पडली की खडूनं आखून घ्यायची. त्याच ओळंब्यानं पुढे डिशचा पाइप सरळ उभा आहे का तेही बघायचं असतं, तेव्हा वेगळं हत्यार लागत नाही.

मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा असं समजलं की गणित चुकतं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून घेतली आहे, ती रेषा इथून जवळच मिर्झापूरच्या बाजूनं जाते. काशी त्या रेषेच्या अर्धा अंश पूर्वेला, म्हणून आमचा सूर्य घड्याळापेक्षा दोन मिनिटं पुढे. शिवाय सूर्य वर्षभर सारख्या चालीनं चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली मध्यान्ह बाराला अठरा मिनिटं कमी असताना येते, फेब्रुवारीच्या मध्याला बारा वाजून बारा मिनिटांनी. हा हिशेब डोक्यात ठेवायची गरज नाही, पंचांग असलं की झालं. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ काढायची. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, पाच वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो, म्हणजे मध्यान्ह बारा वाजून दोन-तीन मिनिटांनी. घरात याज्ञिकी असल्यामुळे हे मला लहानपणापासून पाठ होतं. संध्या कधी करायची ते सांगणारं पंचांग पुढे मला डिश कधी फिरवायची तेही सांगेल, हे आजोबांना कळलं असतं तर आवडलं असतं.

एक गोष्ट मी नवीन पोरांना मुद्दाम सांगतो. काशीतल्या मराठी घरांत भिंतीवर बहुतेक ठिकाणी मुंबईहून आलेलं कालनिर्णय असतं. त्यातल्या वेळा मुंबईच्या. मुंबईची मध्यान्ह इथल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी उशिरा. ती वेळ धरून हिवाळ्यात सावली आखली तर रेघ बारा अंश वाकडी पडेल आणि मग उपग्रह सापडणारच नाही. इथल्या मध्यान्हीसाठी इथलंच पंचांग घ्यावं. काशीत बापूदेवशास्त्र्यांच्या नावाचं दृक्‌सिद्ध पंचांग अजून निघतं, आणि बापूदेवशास्त्री हे आमचेच, मूळ महाराष्ट्रातले. बनारसच्या संस्कृत कॉलेजात ते गणित आणि ज्योतिष शिकवायचे. आज तिथे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. ‘सूर्यसिद्धान्ता’चं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये छापून आलं. आकाशात डोळ्यांना जे दिसतं त्याच्याशी पंचांग जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर पंचांग दुरुस्त केलं पाहिजे, असं मानणारे ते होते. मीटर हातात धरून काम करणाऱ्याला ही भूमिका फार जवळची वाटते.

बापूदेवशास्त्र्यांनी मानमंदिराच्या वेधशाळेचंही वर्णन लिहिलं होतं. दशाश्वमेधाच्या शेजारी मानमंदिर घाट, त्याच्यावर राजा मानसिंहाचा वाडा, आणि वाड्याच्या गच्चीवर अठराव्या शतकात सवाई जयसिंहानं बांधवलेली दगडी यंत्रं. जयपूर आणि दिल्लीची यंत्रं जमिनीवर उभी आहेत. काशीची गच्चीवर आहेत. मला त्यामुळे ती परकी कधी वाटलीच नाहीत. आपण जिथे काम करतो तिथेच, कठड्याच्या आत, चुन्याच्या फरशीवर कुणीतरी आकाश मोजलं होतं. सम्राट यंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी पंचवीस अंशांहून थोडा जास्त कोन करते, कारण काशीचा अक्षांश तेवढा आहे. तिची धार बरोबर उत्तर ध्रुवाकडे. दक्षिणोत्तर भित्ती यंत्र ही तर नुसती एक उभी भिंत, दक्षिणोत्तर रेषेवर बांधलेली. भिंतीवर खुणांच्या कमानी कोरलेल्या आहेत. मध्यान्ही खुंटीची सावली त्या खुणांवर पडली की सूर्य किती अंश उंच आहे ते कळायचं.

आता गंमत बघा. ८३ अंशांवरचा उपग्रह काशीच्या दक्षिणोत्तर रेषेवर आहे, म्हणजे त्या भिंतीची पातळी आकाशात वाढवत नेली तर ती त्या उपग्रहातून जाते. भिंत बांधली तेव्हा तिथे काही नव्हतं. आज साडेछत्तीस हजार किलोमीटरवर एक यंत्र त्याच पातळीत अडकून बसलं आहे आणि खाली मोहल्ल्यातल्या गच्च्यांवरच्या डिश तिकडेच तोंड करून आहेत. मी मानमंदिरावर गेलो की त्या भिंतीच्या मागे, तिच्या धारेत नजर लावून उभा राहतो. सूर्य नसला तरी दक्षिण तिथे पक्की आहे.

जूनमध्ये मात्र सावलीची पद्धत कामाला येत नाही. तेव्हा मध्यान्हीचा सूर्य काशीत डोक्यापासून दोन अंशही खाली नसतो. ओळंब्याची सावली उरतच नाही, आणि जी असते ती चार मिनिटांत पंचवीसएक अंश फिरते. अशा वेळी मी आदल्या हिवाळ्यात आखलेल्या शेजारच्या गच्चीच्या रेघेवरून काम काढतो. सगळ्यात चांगले दिवस कार्तिकापासून माघापर्यंतचे. कार्तिकात पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना आकाशदीप चढतात, हवा स्वच्छ असते, गंगेवर धुकं अजून उतरलेलं नसतं.

बाकीचे उपग्रह दक्षिणेच्या डावीकडे, आग्नेयेला एका कमानीत आहेत. डी-टू-एचचा ८८ वर, दूरदर्शनच्या मोफत सेवेचा साडेत्र्याण्णववर, डिश टीव्हीचा ९५ वर, एअरटेलचा १०८ च्याही पुढे. एकदा दक्षिणेची रेघ मिळाली की तिथून कोनमापकानं मोजायचं. मोफत सेवेसाठी रेघेपासून तेवीस अंश पूर्वेला, उंची अठ्ठावन्न. ९५ चा उपग्रह तिथून तीन अंशांवरच आहे, म्हणून सिग्नल शोधणाऱ्या फाइंडरची शिट्टी वाजली की लगेच बोल्ट आवळायचे नाहीत. बॉक्स लावून आपला ट्रान्सपाँडर आहे का ते बघायचं. चुकीच्या उपग्रहावरही शिट्टी तितकीच जोरात वाजते. घाटावरच्या घरांना देवानं इथे झुकतं माप दिलंय. आमच्या बाजूच्या घाटांसमोर आग्नेयेला गंगा आणि पलीकडची मोकळी रेती. मध्ये काहीच नाही. मागच्या गल्ल्यांत तसं नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं, एवढी गल्ली. साठ अंशांची उंची चांगली असते, पण समोरच्या भिंतीची जास्तीची उंची मधल्या अंतराच्या पावणेदोन पटींहून अधिक झाली की उपग्रह झाकला जातो. चार हात गल्लीपलीकडच्या शेजाऱ्यानं एक मजला चढवला की संपलं. असे फोन मला दरवर्षी येतात. “काल दिसत होतं, आज सिग्नल नाही.” वर जाऊन बघावं तर समोर नवी वीट. मग डिश जिन्याच्या टपावर न्यायची.

डिश बघून लोक विचारतात, ही तर समोरच्याच्या खिडकीकडे बघतेय, आकाशाकडे कुठे? घरची डिश ही पूर्ण वाटीची एक बाजू कापून घेतलेली असते, त्यामुळे तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. एलएनबी, म्हणजे डिशच्या हाताच्या टोकावरचा सिग्नल झेलणारा डबा, खाली, झोताच्या वाटेबाहेर राहतो. त्याची सावली पत्र्यावर पडत नाही. म्हणून डोळ्यानं अंदाज घेऊन डिश लावणारा नेहमी फसतो. कंसावरच्या अंशांच्या खुणा बघायच्या, आणि त्या खुणा खऱ्या ठरायच्या असतील तर पाइप ओळंब्यात पाहिजे. पाइप एक अंश कलला की डिश एका बाजूला फिरवताना वर जाते, दुसऱ्या बाजूला खाली. मग तासभर फिरवत राहा, काही हाती लागत नाही. माझ्या मते या कामातला निम्मा जीव पाइपात आहे. लोकांना डिश दिसते, पाइप दिसत नाही.

पक्क्या महालात, म्हणजे घाटांमागच्या या जुन्या वस्तीत, पाइप उभा करणं हेच अवघड. ही घरं लखौरी विटांची, चुना-सुरखीत बांधलेली. छतावर चुनारच्या दगडाच्या पाट्या. सिमेंटच्या स्लॅबसाठी केलेला फास्टनर या चुन्यात धरत नाही. ड्रिल लावलं की वीट भुगा होऊन येते, बोल्ट हातानं बाहेर निघतो. ज्यांना लवकर उरकायचं असतं ते तरी ठोकून जातात. पहिल्या आंधीत डिश फिरते. मी भिंतीला हात लावत नाही. लोखंडी चौकटीवर पाइप, चौकटीवर वजन. वाळूची पोती कधी, कधी वाड्यातलीच पडून असलेली दगडी जाती. अडीचशे-तीनशे वर्षांच्या भिंतीला एका मालिकेसाठी भोक पाडू नये असं मला मनापासून वाटतं.

फिरवायचं काम दोघांचं. पूर्वी एक गच्चीवर, एक टीव्हीसमोर, आणि मधल्या प्रत्येक मजल्यावर घरातलं एकेक माणूस निरोप पोचवायला. वाड्याचा चौक आवाज वर आणायला फार चांगला. “आलं का?” “थोडं आलं!” “आता?” “गेलं गेलं, मागे घे!” माझा मदतनीस जौनपूरकडचा आहे, तो ओरडायचा, “भइया, आवत हौ!” आता फोनवर टीव्हीचं चित्र दाखवतो, ओरडावं लागत नाही. रीत तीच आहे. उंचीचा कोन लावून ठेवायचा, डिश पूर्वेकडून पश्चिमेकडे अगदी हळू न्यायची, दर केसभर सरकवल्यावर थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला काही क्षण लागतात. सिग्नल मिळाला की तिथे थांबायचं नाही. पुढे जात राहायचं, तो पडेपर्यंत. ती खूण पाइपावर करायची. मग उलट यायचं, दुसऱ्या बाजूला पडेपर्यंत. तिथे दुसरी खूण. डिश दोन खुणांच्या बरोबर मध्ये. मग उंचीचंही तसंच. शेवटी एलएनबीला पीळ: ८३ साठी काशीत तो सरळ उभा राहतो, साडेत्र्याण्णवसाठी वीसेक अंश वळवावा लागतो. बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळायचे. एकच बोल्ट पुरता आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते.

या मधल्या जागेसाठी मी एवढा आग्रह का धरतो? जुन्या अँटेनावर सिग्नल कमी असला की पडद्यावर मुंग्या यायच्या. चित्रच सांगायचं की काम अर्धवट आहे. डिजिटलमध्ये तसं नाही. काठावरच्या सिग्नललाही चित्र लख्ख दिसतं, घरचे खूश होतात, माणूस पैसे घेऊन जातो. मग पावसाचा पहिला थेंब पडतो आणि पडदा काळा. चित्र आलं म्हणजे डिश लागली असं नाही. पडद्यावर क्वालिटीचा आकडा किती उरला आहे ते बघायचं. तो उरलेला भाग पावसासाठी ठेवायचा असतो.

काशीचा पाऊस पुरवैयाबरोबर, म्हणजे पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येतो, आणि डिशही तिकडेच बघते. अठ्ठावन्न अंशांचा झोत पावसाच्या पाचेक किलोमीटर उंचीतून खाली येताना गंगेपलीकडे जवळपास तीन किलोमीटरपर्यंतच्या ढगातून वाट काढतो. म्हणून सरी रेतीवर असतात, आमच्या घाटावर अजून ऊन असतं, आणि टीव्ही गेलेला असतो. माझ्या गिऱ्हाइकांतल्या बायकांना हे आता माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: सह्याद्री गेलं की वाळवणं उचलायला धावायचं. चांगल्या लावलेल्या डिशचं चित्र मोठ्या पावसात जातंच, ते कुणालाच चुकत नाही. पण ते उशिरा जातं आणि लवकर परत येतं. वर्षभरात हा फरक किती तासांचा होतो, ते पलंगाला खिळलेल्या माणसाला विचारावं.

पावसापेक्षा माकडं अवघड. ती डिशवर बसतात, हाताला झोके घेतात, केबल सोलतात. २०१५ मध्ये घाटांवर इंटरनेटसाठी टाकलेल्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी देशभर झाली. आम्हाला त्यात नवीन काही वाटलं नाही. डिशला काटेरी तार गुंडाळा असं लोक सुचवतात. मी ते करत नाही. प्राणी रक्तबंबाळ होतो, आणि काशीत ते कुणाला बघवतही नाही. केबल लोखंडी नळीतून न्यायची, आणि डिश कठड्यापासून माकडाच्या उडीबाहेर ठेवायची.

वर्षातून दोनदा सूर्य स्वतः उपग्रहाच्या मागे येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, काही दिवस, दर दिवशी थोडी मिनिटं सूर्याचा गोंगाट उपग्रहाच्या आवाजावर चढतो आणि चित्र तुटतं. ८३ च्या उपग्रहाबाबत काशीत हे ऐन मध्यान्हीला होतं. मार्चमध्ये बारा वाजून गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये बारा वाजण्याच्या आत. ऑक्टोबरमध्ये बहुधा नवरात्राचे किंवा रामलीलेचे दिवस असतात आणि लोक फार चिडतात. मी त्यांना थांबायला सांगतो आणि स्वतः गच्चीवर जातो. त्या मिनिटांत डिशवर पडलेलं ऊन पत्र्यावरून परतून एलएनबीच्या तोंडावर गोळा होतं. उजेडाचा तो डाग बरोबर मधोमध बसला, तर डिश खरी लागली आहे. कोणत्याही मीटरपेक्षा मी या परीक्षेवर जास्त विश्वास ठेवतो. डाग बाजूला पडला तर बोल्ट सैल करून तो मध्ये आणतो, आणि पाच-सात मिनिटांत चित्र आपोआप येतं, पूर्वीपेक्षा चांगलं.

विश्वनाथ कॉरिडॉरचं काम निघालं तेव्हा ३०० हून अधिक इमारती घेतल्या गेल्या. मी बसवलेल्या काही डिश त्या गच्च्यांवर होत्या. घरं रिकामी करणारी माणसं भांडी, देव, कपाटं नेत होती, आणि मला बोलावून म्हणत होती, डिशही काढून द्या. काही जण सारनाथच्या बाजूला गेले, काही सुंदरपूरकडे. नव्या फ्लॅटच्या सपाट, मोकळ्या गच्चीवर काम झटकन होतं. उपग्रहासाठी दोन-चार मैलांचं अंतर काहीच नाही. कोन तोच, उंची तीच. एका काकूंनी विचारलं, “इथेही दक्षिण तिकडच्यासारखीच का रे?” मी म्हटलं, हो काकू, तीच. त्यांनी मग मला खालून चहा पाठवला.

आता तरुण घरांत टीव्ही फायबरवर चालतो आणि डिश काढायची कामं लावायच्या कामांइतकीच येतात. पण ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या आतल्या गल्ल्यांत, म्हाताऱ्या माणसांच्या घरी आणि जिथे महिन्याचा खर्च नको तिथे डिश आहे आणि राहील. या घरांसाठी मी दोन हिवाळ्यांपासून एक काम हाती घेतलं आहे. ज्या गच्चीवर जातो, तिथे मध्यान्हीची सावली नुसती खडूनं न आखता कठड्याच्या आतल्या अंगाला तेलरंगानं रेघ काढतो. रेघेच्या एका टोकाला ‘द’, दुसऱ्याला ‘उ’. शेजारी मोफत सेवेसाठी दुसरी छोटी रेघ, तेवीस अंशांवर, आणि खाली उंचीचा आकडा. माझा मदतनीस या रेघा बघून आता एकटा डिश लावतो. त्या आजींच्या गच्चीवरची रेघ याच पौषात काढली. मागच्या गल्लीतली चार घरं बाकी आहेत, ती माघात, ढग नसले तर.